आधी फील्ड

नगर-मनमाड रस्त्यावरून नागापूरच्या एमआयडीसीत शिरलं की आधी मोठ्या कारखान्यांच्या भिंती लागतात, मग पत्र्याच्या शेड. अशाच एका शेडमध्ये मागच्या कोपऱ्यात एक मशीन उभं आहे असं डोळ्यांसमोर आणा. ऐंशीच्या दशकातलं एनसी लेथ, स्पिंडलला डीसी मोटर. कुठल्याशा प्लँटने ते लिलावात काढलं, शेडच्या मालकाने किलोच्या भावाने उचललं. क्रेनने उतरवून झालं, केबल जोडून झाली, आता सगळे भोवती उभे आहेत. आयटीआयमधून नुकताच आलेला पोरगा विचारतो, "दादा, देऊ का सप्लाय?"

"थांब जरा."

तुम्हीही थांबा. मेन स्विच बंद करा, त्याला कुलूप घाला, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. स्टूल ओढून मशीनसमोर बसा. आज संध्याकाळपर्यंत कदाचित काहीच फिरणार नाही, हे आत्ताच मान्य करून टाका.

पॅनेलचं दार उघडा, पण हात आत घालू नका. ड्राइव्हमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सप्लाय तोडल्यावरही काही मिनिटं चार्ज राहतो. ती मिनिटं तुमची. नुसतं बघा. धूळ कुठे साचली आहे, उंदराने कुठली वायर कुरतडली आहे. एका टर्मिनलचा रंग काळपट आहे, म्हणजे तिथला स्क्रू बराच काळ सैल असावा. आणि कुणीतरी बाहेरून एक जादा वायर ओढली आहे. तिचं कारण कळल्याशिवाय ती काढू नका. पण संशय मात्र घ्या. अशी वायर बहुधा रात्रपाळीत, काम अडू नये म्हणून ओढलेली असते, आणि तिच्यामुळे एखादा सुरक्षेचा स्विच कायमचा बाद झालेला असतो.

किलोच्या भावाचं मनाला लावून घेऊ नका. मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९मध्ये याच नगरात ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. पुढे ती विजापूरला गेली. १८५४मध्ये तिथल्या निरुपयोगी सरकारी मालाचा लिलाव निघाला, तेव्हा तिच्यावर सर्वांत मोठी बोली लागली १५० रुपयांची! विक्री रद्द झाली म्हणून ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. भंगाराचा भाव धातूचा असतो, त्या धातूला काय येतं याचा नसतो.

आता मोटरची पाटी कापडाने पुसा आणि सावकाश वाचा. आर्मेचरचे, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाचे, व्होल्ट-अँपिअर वेगळे लिहिलेत; फील्डचे, म्हणजे त्याच्याभोवती चुंबकत्व उभं करणाऱ्या गुंडाळीचे, वेगळे. आरपीएमच्या जागी एक आकडा नाही, दोन आहेत. समजा ११५० आणि ३५००. पहिल्या आकड्यापर्यंत आर्मेचरचे व्होल्ट वाढवत नेले की वेग वाढत जातो. त्याच्या पुढे व्होल्ट तेवढेच ठेवायचे आणि फील्ड कमी करत जायचं. फील्ड कमी केलं की वेग वाढतो. हे मनाला पटकन पटत नाही. तरी तसंच धरून ठेवा, थोड्या वेळाने त्याच्याकडे यायचं आहे.

डीसीच का, असा प्रश्न पोरगा विचारेलच. त्याच्या पिढीने एसी सर्व्होच पाहिलेत. त्याला सांगा की अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकड्यांनी बांधायच्या मागे लागला, आणि त्यातून १९५२मध्ये एमआयटीने भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. आकडे वाचणं जमलं, पण ते आकडे जशाच्या तसे पाळणारी मोटर हवी होती. एसी मोटर साधी आणि दणकट, पण तिचा वेग हवा तिथे धरून ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा परवडणारं नव्हतं. डीसीचा हिशेब सरळ होता: व्होल्ट दिले तेवढा वेग, अँपिअर दिले तेवढा जोर. म्हणून सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच मशीनांवर डीसी मोटरी दिसतात. ऐंशीच्या दशकात एसी येऊ लागले आणि डीसी मोटरचे कार्बन ब्रश बदलणारे हात हळूहळू कमी झाले. १९७२ची लुना मोपेड आणणाऱ्या कायनेटिकचा कारखाना नगरचाच. त्या काळी इथे टर्नर झालेला माणूस आज निवृत्त आहे. सापडला तर त्याला चहाला बोलवा. मॅन्युअलपेक्षा उपयोगी पडेल.

इतिहास एवढा पुरे. आता मोटरच्या मागच्या बाजूची झाकणं उघडा आणि एक एक कार्बन बाहेर काढा. कुठला कुठून काढला त्यावर खूण करा, त्याच घरात परत जायला हवा. लांबी बघा, स्प्रिंग दाबून बघा, कार्बन घरात मोकळा सरकतो का ते बघा. मग टॉर्च मारून कम्युटेटर, म्हणजे कार्बन टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, बघा, हाताने स्पिंडल फिरवत, पूर्ण एक फेरा. घाई करू नका. चांगल्या कम्युटेटरचा रंग नव्या तांब्याचा नसतो; फार उकळलेल्या चहासारखा, सगळीकडे एकसारखा असतो. तो थर तांब्याचा ऑक्साइड आणि ग्रॅफाइट यांचा. कार्बन त्या थरावरून सरकतो, उघड्या तांब्यावरून नाही. पोरगा पॉलिश पेपर घेऊन येईल, चकाचक करू म्हणेल. करू देऊ नका. एमरी तर मुळीच नको, तिचे कण पट्ट्यांच्या मधल्या खाचांत बसतात. पट्ट्या ठरावीक अंतराने काळ्या पडल्या असतील तरच गोष्ट वेगळी. तिथे आर्मेचरमध्ये काहीतरी तुटलं असण्याची शक्यता आहे आणि मोटर वाइंडरकडे जाईल. नाहीतर नखाने हळूच चाचपा, पट्ट्यांमधला अभ्रक वर आलेला नाही ना बघा, कार्बनची काळी भुकटी व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि पुढे जा.

इथे नगरच्या हवेबद्दल बोलायलाच हवं. पर्जन्यछायेतला जिल्हा. एप्रिलमध्ये ओठ फुटतात. अशी हवा वाइंडिंगला मानवते, ओल धरत नाही. पण कार्बनला ती मानवत नाही, कारण ग्रॅफाइटचा निसरडेपणा हवेतल्या वाफेवर अवलंबून असतो. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर उडणाऱ्या विमानांच्या मोटरींचे कार्बन काही तासांत झिजून जात, तेव्हा हे उघड झालं. आपण काही तेवढ्या उंचीवर नाही. तरी उन्हाळ्यात कार्बन जास्त वेळा तपासायचे, एवढं वहीत लिहून ठेवा.

इन्सुलेशन तपासायला मेगर लावण्याआधी मोटरच्या वायरी ड्राइव्हपासून सोडवा. ५०० व्होल्ट ड्राइव्हच्या कार्डांत गेले तर दिवस तिथेच संपला. आर्मेचर ते बॉडी, फील्ड ते बॉडी. एक मेगओहमच्या खाली आलं तर सप्लाय द्यायचा नाही. १०० वॉटचे दोन दिवे मोटरशेजारी लावा, वर ताडपत्री टाका, घरी जा. रात्रभरात आकडा चढला तर ती ओल होती. चढला नाही तर मोटर गाडीत घालायची.

आकडा चढला आहे असं धरू. आता डोळे मिटा, आणि मोटर आतून बघा.

आर्मेचर थांबलेलं आहे. त्याचा रोध समजा अर्धा ओहम. त्यावर सरळ २२० व्होल्ट टाकले तर ४४० अँपिअर जाऊ पाहतील; पाटीवर मात्र ३० लिहिलेत. मग चालताना ४४० का जात नाहीत? कारण फिरणारं आर्मेचर फील्डमधून जाताना स्वतःच व्होल्ट तयार करतं, आणि ते येणाऱ्या व्होल्टच्या विरुद्ध उभे राहतात. २२०च्या समोर आतून २०५ उभे राहिले की उरतात १५. अर्ध्या ओहमला १५ म्हणजे ३० अँपिअर. मोटरला सांभाळणारी गोष्ट तिने स्वतः उभा केलेला विरोध आहे, आणि थांबलेल्या मोटरकडे तो नसतो. म्हणून मोटर सर्वांत नाजूक असते ती उभी असताना. व्होल्ट शून्यापासून हळूहळू चढवायचे, ड्राइव्हची करंट लिमिट पहिल्या वेळी खाली आणून ठेवायची, ती एवढ्यासाठी.

मघाचं वाक्य आता परत घ्या. फील्ड कमी केलं की वेग वाढतो. फील्ड कमी म्हणजे तोच वेग पूर्वीएवढा विरोध उभा करू शकत नाही. मग मोटर आणखी जोरात पळते, तो विरोध परत मिळेपर्यंत. हे मोजून केलं तर ३५०० आरपीएम मिळतात. आणि फील्डची वायरच तुटली तर? मोटर विरोध शोधत पळत सुटते, तो सापडत नाही, आणि भार नसेल तर आर्मेचरमधलं तांबं बाहेर फेकलं जाईपर्यंत पळते. फील्ड गेल्यावर आर्मेचर तोडणारा रिले याच भीतीपोटी बसवलेला असतो. पॅनेलमधली ती जादा वायर त्या रिलेवर तर नाही ना, हे बघायला आता उठा.

डोळे उघडे, हात कोरडे. मोटरच्या वायरी परत ड्राइव्हला जोडा, बेल्ट काढून ठेवा, मोटर एकटी राहू दे, मग कुलूप काढून सप्लाय द्या. आधी मोटरचा ब्लोअर, तो योग्य दिशेला फिरतोय ना ते बघा; नुसता हाताला वारा लागतो यावरून ते कळत नाही. ड्राइव्हने फेजचा क्रम उलटा असल्याची तक्रार केली तर सप्लाय बंद करून इनकमिंगच्या दोन वायरींची अदलाबदल करा आणि ब्लोअरची दिशा परत बघा. मग फील्ड: अँपिअर मोजा, पाटीशी जुळवा, पाच मिनिटं तसंच ठेवा. नंतरच आर्मेचर, अगदी थोडे व्होल्ट. ड्राइव्हला वेग कळवणाऱ्या टॅकोजनरेटरवर लक्ष ठेवा. त्याच्या दोन वायरी उलट्या लागल्या असतील तर मोटर जितक्या जोरात फिरेल तितक्याच जोरात ती उलटी फिरतेय असं ड्राइव्हला वाटेल आणि तो आणखी जोर लावेल. म्हणून एक हात इमर्जन्सी स्टॉपवर. पोराचा नाही, तुमचा.

फिरली. कार्बनखाली बारीक, निळसर ठिणगी असेल तर चालेल. पिवळी, लांब, फेरा धरून पळणारी असेल तर बंद करा.

कंट्रोलरचं काम यापेक्षा कोरडं आहे. मशीन गोदामात पडून राहिलं तेव्हा मेमरीची बॅटरी संपली, आणि पॅरामीटर पुसले गेले. स्क्रीनवर अलार्मच अलार्म. पॅनेलच्या दाराच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत, कुणीतरी पेनाने लिहिलेली पॅरामीटरची यादी चिकटवलेली असली तर तुमचं नशीब. एक एक आकडा भरा, पोराने वाचायचा, तुम्ही टाकायचा, त्याने स्क्रीनवरून परत वाचायचा. यापुढे बॅटरी बदलायची ती कंट्रोलर चालू ठेवूनच, हेही त्या यादीखाली लिहा.

बेल्ट चढवा, स्लाइडला तेल पोचतंय ना बघा, दोन्ही अक्ष रेफरन्सला न्या, स्पिंडल अर्धा तास हळू फिरवून बेअरिंग कोमट होऊ द्या. मग एमएसचा एक जाडसर बार चकात धरा, टेलस्टॉकचा आधार न देता, आणि शंभर मिलिमीटरभर हलका कट घ्या. दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावा. चकाकडे कमी, बाहेरच्या टोकाला २० मायक्रॉन जास्त.

"झालं की चालू," पोरगा म्हणेल, आणि ते खरं आहे. पण काल क्रेनने उतरवलेलं मशीन, चार पायांपैकी एक जरी अधांतरी असेल तरी बेड पिळतो. हेडस्टॉकला हात लावण्याआधी बेडवर स्पिरिट लेव्हल ठेवा. पायांच्या नटांना पाना पोराला लावू दे. बुडबुडा तुम्ही बघा.