वास्तव्याचा भार

मनुष्य एखाद्या ठिकाणी राहावयास आला म्हणजे तो तेथला नेमका केव्हा होतो, हा प्रश्न वरकरणी तहसील कचेरीच्या अखत्यारीतला दिसतो; परंतु कचेरी ज्या उत्तरावर समाधान मानते ते थोडे खरवडून पाहिले, तर त्याखाली एक जुना आणि अद्याप न मिटलेला तात्त्विक वाद आढळतो. वास्तव्य हा देहाचा धर्म की मनाचा? देह आज येथे तर उद्या तेथे असतो. आणि मन कोठे आहे हे सांगणारा दाखला कोणत्याही खिडकीवर मिळत नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्याला या वादाची सवय जुनी आहे. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांपैकी कित्येकांनी आपण कल्याणचे असल्याचे शिलालेखांत कोरून ठेवले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि येणाऱ्यांचा ओघ पुढे वाढतच गेला. फाळणीनंतर कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांची वस्ती १९४९ साली उल्हासनगर झाली. आगरी-कोळी मंडळी वगळली, तर ‘आम्ही मूळचे’ असे छातीठोकपणे म्हणणारा इसम येथे दिवा घेऊन शोधावा लागेल.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ बेळगावहून नोकरीनिमित्त ठाण्यास बदलून आले, घोडबंदर रस्त्यावरील भाडी ऐकून स्तिमित झाले, आणि अनेकांप्रमाणे अखेर डोंबिवली पूर्वेस दोन खोल्यांत स्थिरावले. घरात मराठी, शिक्षण मराठी, कुळाचार मराठी, तरीही घर दाखवणाऱ्या एजंटाने पहिल्याच भेटीत, “म्हणजे तुम्ही बाहेरचे ना?” असे विचारले, आणि आधार पत्रावरील ‘कर्नाटक’ या शब्दापुढे त्यांना उत्तर सुचेना. त्यांच्या शेजारचे कुटुंब घरात तमिळ बोलते. त्यांची मुले, नातवंडे डोंबिवलीतच जन्मली, आणि महाराष्ट्रातील त्यांच्या अधिवासाविषयी कोणाच्या मनात तिळमात्र शंका नाही. यात अन्याय नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. परंतु गंमत पुढेच आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीच्या जाहिरातींत एक कलम असते, त्यानुसार सीमाभागातील ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तेथे १५ वर्षे राहिलेला मराठी भाषक उमेदवार महाराष्ट्राबाहेर राहूनही पात्र ठरतो. म्हणजे येथे व्यक्तीच्या इच्छेऐवजी राज्याचीच इच्छा अधिवास निर्माण करते. जो प्रदेश ताब्यात नाही, पण ज्याच्यासाठी २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू आहे, तो प्रदेश राज्याने संकल्पाने आपला मानला आहे.

वस्तुतः कायद्याच्या मते अधिवासास दोन अंगे लागतात: प्रत्यक्ष राहणे, आणि तेथेच कायम राहण्याचा उद्देश. पहिले अंग डोळ्यांस दिसते, दुसरे अंतःकरणात वसते. आणि अंतःकरणातले जाणणे हे जे ईश्वराचे काम, ते तहसीलदाराच्या गळ्यात पडल्यामुळे तो बिचारा काळाचा आश्रय घेतो. १५ वर्षे राहिलात, त्या अर्थी राहण्याची इच्छा होती, असे हे अनुमान आहे, आणि नैयायिकाने त्यातील हेतू व्यभिचारी आहे म्हणून तत्काळ दाखवून दिले असते. कारण डोंबिवलीत तीस वर्षे राहून ज्यांचे चित्त एकदाही रत्नागिरीच्या पुढे सरकले नाही असे चाकरमाने मी पाहिले आहेत. राज्यघटना तर १९व्या अनुच्छेदात देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क देते, आणि १९८४ साली प्रदीप जैन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतात अधिवास एकच, तो भारताचा, असे सांगितले. तरीही सेतू केंद्रापुढची रांग आटत नाही, कारण महाविद्यालयात, म्हाडाच्या सोडतीत मागणी अधिवासाच्या दाखल्याचीच होते.

घराची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. आपल्याकडे बिऱ्हाडकरू ज्या करारनाम्यावर राहतो त्यास ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतात, आणि त्यात कायद्याने त्या जागेवर त्याचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. त्यास केवळ तेथे असण्याची अनुज्ञा मिळते. मुदत बहुधा अकरा महिन्यांची. ही प्रथा पडली ती वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे असल्यामुळे; परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याने असा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असे ठरवल्यावर अकरा या संख्येचे प्रयोजन उरले नाही. कारण लोपले तरी आचार टिकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण धर्मशास्त्राच्या अभ्यासकालाही सहसा सापडणार नाही. नोंदणीसाठी एजंट संगणक आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरीच येतो. त्या गृहस्थांच्या कराराच्या दिवशी साक्षीदार म्हणून बसलेल्या घरमालकाच्या वृद्ध वडिलांचा अंगठा यंत्र घेईना. आयुष्यभर कारखान्यात राबून रेषा झिजल्या होत्या. एजंट म्हणाला, “काका, बोट जरा ओलं करा.” आणि ज्यांनी हे घर स्वकष्टाने उभे केले, ते ओल्या बोटाने आपली ओळख पटवत बसले.

स्थलांतर आणि धर्म यांचा मेळ घालण्याचा प्रसंग आपल्या पूर्वजांवर आला नव्हता असे नाही. अग्निहोत्र्याने बिऱ्हाड हलवावयाचे ठरवले, तर त्याच्यासाठी श्रौतसूत्रांत समारोपणाचा विधी आहे: अरणी अग्नीवर तापवून अग्नी त्यांत आरूढ झाला असे मानावयाचे, अथवा तो स्वतःच्याच ठायी धारण करावयाचा, आणि नव्या ठिकाणी मंथनाने पुनः प्रकट करावयाचा. भूमी सुटली तरी अग्नी तोच राहतो. परंतु सूत्रकारांचा कटाक्ष पुढे आहे. अग्नी नेला म्हणजे सकाळ-सायंकाळची आहुतीही बरोबर नेली. देवांचीही तीच कथा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अंमलात देवळांवर गंडांतर आले तेव्हा कुशस्थळीचा मंगेश नदीपार अंत्रुज महालातील प्रियोळास नेण्यात आला. परमुलखात आलेल्या त्या देवाकडे किती वर्षांचे वास्तव्य झाले याची चौकशी कोणी केली नाही; तेथे कोणी त्याच्या पूजेचा, नैवेद्याचा, उत्सवाचा भार शिरावर घेतला, आणि कालांतराने ते स्थळच मंगेशी म्हणून ओळखले जाऊ लागले.

भार हाच खरा निकष असावा, असे मला वाटू लागले ते जुन्या गावगाड्याविषयी वाचताना. त्या व्यवस्थेत मिरासदार आणि उपरी असे रयतेचे दोन वर्ग होते. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा, आणि तो गाव सोडून गेला तरी दीर्घकाळ जिवंत राही. परंतु त्याच्यावर सारा ठरलेला, पिको वा न पिको, आणि गावखर्चाचे ओझेही. उपरी कौलावर जमीन कसून मोकळा. गावाने मिरासपत्र करून दिले तर उपऱ्याचाही मिरासदार होई, म्हणजे हक्काबरोबर ओझ्यातही वाटेकरी होई. या व्यवस्थेत जातीची आणि वंशाची जी कठोरता होती तिचे समर्थन करण्याची माझी इच्छा नाही. परंतु मनुष्य तेथला की बाहेरचा हे त्याने काय उचलले यावरून ओळखावे, ही त्यातील जाण आजच्या कागदांत हरवली आहे. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा तिच्या अधिक जवळ येतो: मतदारयादीसाठी मनुष्य तेथला सर्वसाधारण रहिवासी असला म्हणजे पुरे, केवळ घराची मालकी असून भागत नाही, आणि १५ वर्षांची अटही नाही. ज्या रहिवाशाकडे राज्याचे सरकार निवडण्याची जबाबदारी येते, त्याच्या मुलाला त्याच राज्यात वर्षानुवर्षे परका मानणे मला तर्कदुष्ट वाटते.

श्रावणात त्या गृहस्थांपुढे दुसराच प्रश्न उभा राहिला. घराण्याचा गणपती बेळगावी थोरल्या बंधूंकडे. मग अनुज्ञेच्या घरात, ज्याची मुदत दिवाळीपर्यंतही नाही, मूर्ती आणावी काय? बंधूंचा फोनवरून विरोध होता. डोंबिवलीतील गुरुजींनी करारनामा पाहावयास मागितला नाही. ते एवढेच म्हणाले, “तुमची चूल वेगळी आहे ना? मग गणपतीही वेगळा.” शास्त्रार्थाची ही पद्धत आपल्या घरांत कित्येक पिढ्या चालत आली आहे आणि मला ती प्रदीप जैन खटल्याच्या निकालाइतकीच विचारार्ह वाटते. मूर्ती आली. त्याच आठवड्यात सोसायटीचे पदाधिकारी, ज्यांनी ना-हरकत पत्रासाठी या गृहस्थांना तीन रविवार तिष्ठत ठेवले होते, सार्वजनिक गणपतीच्या वर्गणीची पावती आधीच फाडून दारात उभे राहिले. आणि पावतीवर त्यांच्या नावापुढे कोणताही प्रश्न न विचारता त्यांनी ‘रहिवासी’ असे लिहिले होते.