कळवळा आणि सही

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्यातल्या एका आजारी मुलाला उचलून त्यांनी डॉ. यशवंतच्या दवाखान्यात आणलं आणि त्याच रोगाने त्यांचा जीव घेतला. ही गोष्ट आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. त्यानंतर दोनच महिन्यांनी, याच शहरात शारदा सदन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनी एक पत्र लिहिलं. ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात ते छापून आलं. पुण्याच्या प्लेग इस्पितळात आणि छावण्यांत बायकांचे कसे हाल होतात, तिथे त्या कशा असुरक्षित आहेत, हे त्यात होतं. खाली त्यांचं नाव होतं.

पहिल्या कृतीला आपण बिनदिक्कत करुणा म्हणतो. दुसरीला काय म्हणायचं? पत्र लिहिणं ही सेवा झाली का?

बायबलातली शोमरोन्याची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. लुटारूंनी एकाला मारून वाटेवर टाकलंय. याजक बाजूने निघून जातो, लेवीही जातो. थांबतो तो परका शोमरोनी. जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, खर्चाचे पैसे देतो. मराठी बायबल म्हणतं की त्याला ‘कळवळा’ आला. हाच शब्द तुकोबांकडेही भेटतो. त्यातली ‘कळ’ मला महत्त्वाची वाटते. दुखणं दुसऱ्याचं, पण कळ आपल्या पोटात उठते.

पण समजा, दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर आणखी एक माणूस पडलेला सापडला. तिसऱ्या दिवशी आणखी एक. रोज जखमा बांधत राहणं चांगलंच, पण कधीतरी शोमरोन्याला विचारावं लागेल की या रस्त्याची राखण कुणाकडे आहे? कळवळा खरा असेल तर तो इथे येऊन बोलायला लागतो. ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात एक आई आपल्या राजपुत्राला हेच सांगते: ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या बाजूने तू बोल.

प्लेगच्या पुण्यात तर पेच आणखी अवघड होता. त्रास लुटारूंकडून होत नव्हता, मदतीसाठी उभ्या केलेल्या व्यवस्थेकडूनच होत होता. रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घरं तपासत, आजाऱ्यांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवत. हेतू साथ रोखण्याचा होता, आणि विलगीकरण मुळात चुकीचंही नव्हतं. म्हणूनच तक्रार करणारा सहज ‘साथीच्या काळात अडथळा आणणारा’ ठरत होता. रमाबाईंनी तरीही लिहिलं. त्यांच्या पत्राचा विषय पार ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला आणि सरकारने आरोप फेटाळले.

याच सुमारास इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही सोल्जरांच्या वागण्यावर ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये टीका केली होती. पुण्याहून आलेल्या पत्रांवर त्यांची भिस्त होती. परतल्यावर पुरावा उभा करता येईना, तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्या माफीला भित्रेपणा म्हणणं सोपं आहे. मला त्यात दुसऱ्यांसाठी बोलण्याची खरी अडचण दिसते. ज्यांचं दुःख आपण मांडतो, त्यांना उघडपणे पुढे येणं परवडतंच असं नाही. मग बोलणारा एकटा पडतो. रमाबाईंची स्थिती थोडी वेगळी होती. त्या पुण्यातच होत्या आणि त्यांच्या आश्रयाला असलेल्या मुलींची जबाबदारी त्यांच्यावर होती. बोलण्याआधी जवळ असणं, हा त्यांच्या शब्दांचा आधार होता.

आता आक्षेपाकडे येऊ, कारण तो टाळण्यासारखा नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात रमाबाई ख्रिस्ती झाल्या. शारदा सदनातल्या मुलींवर धर्माचा प्रभाव पडतोय म्हणून १८९३ मध्ये पुण्यात मोठा वाद झाला. ‘केसरी’ने टीका केली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ज्या करुणेला आपला धर्म वाढवायचा आहे ती निखळ असते का? हा प्रश्न रास्त आहे. आश्रयाला आलेल्या मुलीला ‘नाही’ म्हणणं किती शक्य असतं, हे विचारलंच पाहिजे, रमाबाईंनाही आणि आजच्या प्रत्येक आश्रमालाही.

पण त्या पत्राला मी हीच कसोटी लावून पाहतो, तेव्हा चित्र बदलतं. त्या पत्राने कुणी ख्रिस्ती होणार नव्हतं. उलट ख्रिस्ती सरकारची, त्यांच्या स्वतःच्या धर्मबांधवांची मर्जी जाणार होती. त्यांच्या संस्थेचा मोठा आधार परदेशी देणग्या होत्या, आणि सनातन पुणं तर आधीच विरोधात होतं. ज्या शहराने त्यांना परकं ठरवलं, त्याच शहरातल्या बायकांसाठी त्या बोलल्या. गोष्टीतला शोमरोनीही परकाच होता.

आज आपल्यासाठी बोलणं खूप स्वस्त झालंय. बसमध्ये उभ्या उभ्या एक स्टोरी टाकली की झालं. ते वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा त्याच वाटेने रक्त मिळतं, बेड मिळतो. पण शेअर करण्याआधी तीन गोष्टी विचारता येतील. ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्या किती जवळ आहे मी? त्याचा चेहरा, त्याचं नाव दाखवायला तो हो म्हणालाय का? आणि या बोलण्यात माझं काही जाणार आहे की फक्त मिळणारच आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘काहीच जाणार नाही’ असंच येईल. तेव्हा गप्प बसायची गरज नाही. फक्त त्यापुढचं एखादं काम शोधावं. सोसायटीत झाडायला येणाऱ्या मावशींचा पगार दोन महिने अडकलाय, तर मीटिंगमध्ये हात वर करून तेवढं विचारावं, आणि मिनिट्समध्ये आपल्या नावासकट लिहून घ्यायला लावावं.