मांड्याचं पीठ आणि सोपानदेवांची वही

संत मुक्ताबाईच्या दोन कथा आमच्याकडे खानदेशात शेजारी शेजारी सांगितल्या जातात. एकीत ती चुलीशी आहे. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटतात, विसोबा तिला कुंभारवाड्यातून खापर मिळू देत नाही, तेव्हा ज्ञानदेव आपली पाठ तापवून देतात आणि ही पोर त्या पाठीवर मांडे भाजते. दुसरीत ती बंद दाराशी उभी आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव ताटी लावून आत बसलेत आणि धाकटी बहीण बाहेरून थोरल्या भावाची समजूत घालते आहे. ताटीचे अभंग म्हणून जे आपण ओळखतो ते हेच बोलणं. पुढे चांगदेवांसारख्या योग्याने तिला गुरू केलं. 1297 साली, जेमतेम अठरा वर्षांची असताना, ती तापीकाठी गुप्त झाली असं वारकरी परंपरा मानते. कोथळी, मेहूण, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव ही सगळी गावं आमच्या तालुक्यातली, आणि जुन्या एदलाबादचं मुक्ताईनगर झालं तेही तिच्याच नावाने.

मांडे करणारी आणि भावाला उपदेश करणारी या दोन वेगळ्या मुक्ताई आहेत असं आमच्या गावातल्या बायांना कधी वाटलं नाही. दिंडी निघाली की त्या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात. ज्या हाताला खापराचा ताव कळतो त्याच्यामागे डोकंही आहे, हे त्यांना सिद्ध करून दाखवावं लागत नाही. शिकलेल्या घरांत मात्र या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. आईने रांधलं, शिवलं, वाळवलं, टिकवलं, ते सारं आपण तिच्या मायेच्या नावावर जमा केलं आणि बुद्धीच्या नावावर काहीच ठेवलं नाही. आईवर लिहिलेले शेकडो लेख वाचताना मला हे खटकत आलं आहे. त्यांत तिचे कष्ट असतात, त्याग असतो, डोळ्यांतलं पाणी असतं. तिने एखादी गोष्ट कशी केली हे क्वचितच असतं.

म्हणून मांड्यांबद्दल जरा सविस्तर सांगते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि आमरसाबरोबर खापरावरचे मांडे होतात. त्याची तयारी गव्हापासून सुरू होते. गहू ओलवायचा, दळायचा, पीठ वस्त्रगाळ करायचं. कणीक सैल भिजवायची आणि मग ती परातीत आपटत, ताणत, पुन्हा गोळा करत राहायचं, तिला तार सुटेपर्यंत. दोन पाऱ्यांमध्ये पुरण ठेवून कडा मिटवायच्या, थोडं लाटायचं, आणि तिथून पुढे लाटण्याचं काम संपलं. मांडा हातावर वाढतो. तळव्यावरून मनगटाकडे, मनगटावरून कोपराकडे, झेलत, फिरवत, त्याच्याच वजनाने तो मोठा होत जातो. आतलं पुरण कडेपर्यंत सारखं पसरलं पाहिजे. शेवटी चुलीवरच्या पालथ्या खापरावर तो एका झेलीत टाकायचा. एकदा टाकला की सुरकुती निघत नाही.

हे सारं पाहायला देखणं असतं, पण माझी माय ज्यात खरी गुंतायची ते पाहणाऱ्याला दिसत नसे. पुरण कणकेपेक्षा घट्ट राहिलं तर मांडा हातावर फाटतो, सैल झालं तर एकीकडे ओघळतो. म्हणजे पुरण आटवतानाच कणकेचा विचार करावा लागतो, आणि कणीक भिजवताना यंदाच्या गव्हाचा. गव्हाची जात बदलली, पाऊस बदलला की पाण्याचं माप बदलतं. चुलीत तुराट्या आहेत की पऱ्हाट्या, यावर खापर किती वेगाने तापणार हे ठरतं. या सगळ्याचा मेळ ती दरवर्षी नव्याने घालायची. पाणी किती, असं विचारलं तर म्हणायची, ‘पीठच सांगते हाताले.’ ऐकायला हे गूढ वाटतं, पण त्यात गूढ काही नाही. आधीच्या सगळ्या आखाज्यांचे निकाल तिच्या बोटांत साठलेले होते आणि त्यांच्याशी ती समोरचं पीठ ताडून पाहत होती. प्रयोगशाळेत काम करणारा माणूस याला अनुभवसिद्ध निर्णय म्हणेल.

या कामाला जाणकार रसिकही होते. गल्लीतल्या बाया एकमेकींकडे कुरडयांना, बिबड्यांना (ज्वारीच्या पापडांना), मांड्यांना जायच्या आणि कोणाचा हात कसा याची चर्चा फार बारकाईने व्हायची. एकीचा मांडा मोठा पण कडेला कोरडा, दुसरीचा लहान पण शेवटच्या घासापर्यंत पुरण. न पाहता, चवीवरून करणारी ओळखणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. संगीतात घराणी असतात, त्यांची वैशिष्ट्यं असतात, तसंच हे होतं. फरक इतकाच की ही समीक्षा कोणी लिहिली नाही, आणि कलाकृती संध्याकाळपर्यंत खाऊन संपलेली असायची.

2016 साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. त्याचा मला आनंद झाला. शेतकऱ्याचं पीक नाव घेऊन बाजारात उभं राहिलं. पण ते मोठं, हिरवट-पांढरं वांगं काड्यांच्या जाळात भाजून, लाकडी बडगीत ठेचून त्याचं भरीत करायची रीत घराघरांतली, आणि ती ज्यांनी घडवली त्यांच्यातल्या एकीचंही नाव कुठल्या कागदावर नाही.

या बाबतीत खानदेशाकडे दोन मोठी उदाहरणं आहेत, आणि आईची आठवण कशी ठेवावी याचे ते दोन वेगळे मार्ग आहेत असं मी मानते.

पहिलं साने गुरुजींचं. ते पालगडचे, कोकणातले, पण अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि खानदेशने त्यांना आपलंच मानलं. 1933च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकाने महाराष्ट्राला रडवलं आणि माणूस म्हणून थोडं अधिक चांगलं केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यातली ‘अळणी भाजी’ची गोष्ट पाहा. आई मीठ घालायला विसरते, वडील एक शब्द न बोलता जेवतात, आणि आई स्वतः पानावर बसते तेव्हा तिला ते कळतं. आपण त्यातून घेतो तो सौजन्याचा धडा. रोज बिनचूक मीठ घालणाऱ्या हाताकडे, एरवीच्या सगळ्या भाज्यांकडे लक्ष जात नाही. मुलाला आई आठवते ती तिने आपल्याला काय दिलं यावरून. ते स्वाभाविक आहे, आणि अपुरंही.

दुसरं उदाहरण सोपानदेव चौधरींचं. त्यांची आई बहिणाबाई 1880 साली आसोद्याला जन्मल्या, लहानपणीच जळगावच्या चौधरींच्या घरात आल्या, तिशीत विधवा झाल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरोटावर, म्हणजे जात्यावर, दळताना, शेतात राबताना, चुलीपुढे बसून त्या गाणी रचत गेल्या. असं सांगतात की लहान सोपानने शाळेतली सावित्रीची कथा आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं गाणं तयार होतं. ते ऐकून मुलाने वही काढली. सोपानदेवांनी आणि मावसभाऊ पितांबर चौधरींनी जी गाणी उतरवून घेतली तीच आज आपल्याकडे आहेत. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, याच अत्र्यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट आला आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. मराठी घरातल्या दोन आया लोकांसमोर आल्या त्या जवळजवळ एकाच वेळी आणि एकाच माणसाच्या हातून, याचं मला नेहमी नवल वाटतं.

सोपानदेवांनी केलं ते साधं होतं. आईबद्दल काही न लिहिता त्यांनी आई काय करते ते लिहून घेतलं, तिच्याच शब्दांत, तिच्या लेवा बोलीतल्या उच्चारांसकट. त्यामुळे आपल्याला मिळाली ती एक विचार करणारी बाई, जी सुगरणीच्या खोप्यापासून न पेटणाऱ्या चुलीपर्यंत सगळ्यावर स्वतःचं मत बाळगते. वही निघाली नसती तर बहिणाबाई ‘फार कष्टाळू होत्या’ एवढ्या वाक्यात संपल्या असत्या. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. वही निघण्याआधीची आणि न उतरलेली गाणी किती असतील याचा विचार आला की जीव हळहळतो.

इथे एक आक्षेप मला दिसतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. गृहिणीच्या सर्जनशीलतेचं असं गुणगान करून आपण तिला चुलीपाशीच बांधत तर नाही ना? 2019च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवताना दिसल्या आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. सातवीनंतर माझ्या मायची शाळा सुटली ती तिच्या मर्जीने नव्हे. धुराने तिचे डोळे चुरचुरायचे तेव्हा मांड्यांचं कौतुक तिच्या कामी आलं नाही. जिला दुसरा रस्ताच ठेवला नव्हता तिने त्याच रस्त्यावर बुद्धी लावली, म्हणून रस्ता न्याय्य ठरत नाही. पण उलटंही खरं आहे. अन्याय झाला म्हणून तिने जे घडवलं ते कमी मोलाचं होत नाही. तिला बिचारी ठरवणं आणि अन्नपूर्णा ठरवणं, दोन्हींत तिचं डोकं आपण विचारात घेत नाही. घरातली कामं वाटून घ्यावीत, आणि तिला जे येतं ते तिच्याकडून शिकून, तिच्या नावाने लिहून ठेवावं. एकाने दुसरं अडत नाही.

लिहून ठेवण्याची चांगली रीतही महाराष्ट्रात घडलेली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवून. कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली ‘रुचिरा’ लिहिताना वाटी-चमच्याची मापं वापरली आणि दूरदेशी संसार मांडणाऱ्या कितीतरी मुलींच्या हाताशी आईचं स्वयंपाकघर आलं. माझ्या मते मात्र वाटी-चमचा पुरेसा नाही. मापाबरोबर निर्णयही नोंदवावा लागतो: कशावरून ओळखलं, काय बिघडलं की काय करायचं, पाऊस लांबला त्या वर्षी काय बदललं.

गेल्या उन्हाळ्यापासून मी मायपाशी बसून हेच करते आहे. सुरुवातीला तिला हा वेळेचा अपव्यय वाटला. हळूहळू तिच्या लक्षात आलं की मी चव विचारत नाही, कारण विचारते आहे, आणि मग ती सावरून बसली. बिबड्यांना ज्वारी भिजवून आंबवायची ती वास कुठे वळला की थांबायचं. शिजवताना तीळ कधी, लसूण कधी. फडकं जुन्या धोतराचंच का, तर नव्या कापडाला खळ असते आणि बिबडं सुटताना फाटतं. वाळलेलं बिबडं कापडाच्या मागून पाणी शिंपडून सोडवायचं, पण पाणी जास्त झालं तर पुन्हा एक ऊन द्यावं लागतं. गोधडीला दोरा बाहेरून आत नेण्याचं कारण तिने हातातल्या रुमालाची घडी घालून दाखवलं, कारण ते तिला शब्दांत सांगता येईना. त्या पानावर मी चित्र काढलं आहे.

बिबड्यांचं लिहून झालं तेव्हा तिने ते वाचून दाखवायला सांगितलं आणि मधेच थांबवलं. आंबवणाची ही रीत तिची नव्हती. ती मोठ्या जाऊची होती, जाऊने ती रावेरकडच्या माहेराहून आणलेली, आणि माय लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हाताखाली शिकली. ‘तिचं नाव लिही,’ ती म्हणाली, ‘आणि तिच्या मायचंही लिही, तिले ठाऊक असल तं.’ मी मोठ्या काकूला फोन लावला. तिने आईचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि लगेच हेही सांगितलं की माय ज्वारी एक दिवस कमी भिजवते, ते चूक आहे. मायला ते मान्य नाही. तिच्या मते तापीकाठच्या उन्हात तेवढं पुरतं. फोनवर दोघींचं बराच वेळ चाललं होतं, आणि वहीत दोन्ही रीती आपापल्या नावांनी उतरल्या आहेत.