बल्ल्यांची भिंत

आबाजी वारले तोवर महाराष्ट्र राज्य विशीत आलं होतं, तरी त्यांच्या तोंडी ‘राजधानी’ म्हणजे नागपूरच. मुंबईत गिरण्या, बोटी आणि सिनेमावाले, राज्यकारभार नागपूरला. त्यांच्या कडीच्या पेटीत शेतसाऱ्याच्या जुन्या पावत्या होत्या, आणि त्या पावत्यांवरचं मध्यप्रांत-वऱ्हाडचं सरकार त्यांच्या लेखी अजून कामावर होतं. घरात कुणी त्यांना दुरुस्त करायच्या फंदात पडलं नाही. म्हाताऱ्या माणसाची राजधानी कशाला हलवायची?

पुढे बऱ्याच वर्षांनी ‘गुड बाय, लेनिन!’ हा 2003 सालचा जर्मन सिनेमा यवतमाळात एका मित्राच्या घरी पाहिला, तेव्हा आबाजी समोर येऊन बसले. पूर्व बर्लिनमधली एक कट्टर समाजवादी आई 1989 साली, भिंत पडण्याच्या थोडं आधी बेशुद्ध होते आणि आठ महिन्यांनी शुद्धीवर येते. तोवर तिचा देशच निघून चाललेला. धक्का बसू नये म्हणून मुलगा तिच्या खोलीपुरता जुना देश चालू ठेवतो. तिला स्प्रेवाल्डच्या काकडीचं लोणचं हवं असतं. ते दुकानांतून गायब झालेलं. मग पोरगा कचऱ्यातून जुन्या बरण्या शोधतो, धुतो आणि त्यांत पश्चिमेकडचा माल भरतो. मला त्या सिनेमातल्या बातम्या, पुतळे, झेंडे तितकेसे आठवत नाहीत. बरणी आठवते. सरकार गेलं हे माणसाला ताटात कळतं, किंवा पावतीवर.

बर्लिनच्या सिनेमावाल्यांचं एक बरं होतं. भिंत खरी होती. 13 ऑगस्ट 1961 ला काटेरी तारा पडल्या, मागाहून सिमेंट आलं, आणि 9 नोव्हेंबर 1989 पर्यंत ती जागची हलली नाही. कॅमेरा लावला की फाळणी दिसे. बिली वाइल्डर तर ‘वन, टू, थ्री’ या विनोदी सिनेमाचं बर्लिनमध्ये चित्रण करत असतानाच सरहद्द बंद झाली, आणि ब्रांडेनबुर्ग दरवाजा त्याला म्युनिकमध्ये सेट लावून उभा करावा लागला. विम वेंडर्सच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’मध्ये (1987) देवदूत शहरावरून फिरतात, दोन्हीकडच्या माणसांच्या मनातलं ऐकतात, आणि एक म्हातारा भिंतीलगतच्या ओसाड माळावर आपला जुना पोट्सडामर चौक शोधत हिंडतो. चौक सापडत नाही. तो थकून तिथेच टाकलेल्या खुर्चीवर बसतो.

आपल्याकडे राजधानी दुभंगली ती कागदावर. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, 1903 मध्ये ते मध्यप्रांताला जोडलं गेलं आणि यवतमाळची राजधानी नागपूर झाली. 1 नोव्हेंबर 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्य आलं आणि नागपूरची गादी गेली. त्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, 14 ऑक्टोबरला, त्याच गावात बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली होती. एकाच शरद ऋतूत या शहराने एक सत्ता गमावली आणि एक वेगळीच राजधानी कमावली, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत दोन वेगळ्या धड्यांत असते. 1953 च्या नागपूर कराराने कबूल केल्याप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला आलं, आणि सोबत ‘उपराजधानी’ हा शब्द. (जर्मनीत 1991 साली संसदेने 338 विरुद्ध 320 मतांनी बॉनहून बर्लिनला जायचं ठरवलं. तेव्हा बॉनच्या वाट्यालाही काही मंत्रालयं आणि ‘संघीय नगर’ अशी पदवी आली. समजूत काढायची पद्धत सगळीकडे सारखी.)

तेव्हापासून यवतमाळच्या माणसाची राजधानी दोन ठिकाणी आहे. हायकोर्टाची तारीख नागपूरला, मंत्रालयातली फाईल मुंबईला. नागपूरला एसटीने सकाळी जाऊन रात्री परत. मुंबईला जायचं तर धामणगावपर्यंत गाडी करा आणि तिथून रात्रभर रेल्वे. माझे एक काका शेतीच्या कामासाठी असे तीनदा मुंबईला गेले. कापडी पिशवीत फाईल, फाईलवर रबर. तिसऱ्या वेळी कळलं की कागद मधल्या काळात जिल्ह्याकडेच परत गेला आहे, आणि जिल्ह्यात सांगितलं गेलं की तो मुंबईतच आहे. काकांनी पुढे ती पिशवी बियाणं आणायला वापरली.

मुंबई आम्ही पाहण्याआधी पडद्यावर पाहिली होती, आणि राजधानी म्हणून पाहिली ती ‘सिंहासन’मध्ये. जब्बार पटेलांचा 1979 चा सिनेमा. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, डॉ. लागूंचा अर्थमंत्री, निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस. ज्या अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’वरून तो बेतला ते मूळचे परतवाड्याचे, आणि त्यातली गझल अमरावतीच्या सुरेश भटांची. म्हणजे मराठीतला राजधानीचा सर्वांत पक्का सिनेमा निम्मा वऱ्हाडातून गेलेला. पण त्यात वऱ्हाड शोधायला जाल तर फोनच्या दुसऱ्या टोकाला, आमदारांच्या बेरजेत. सिनेमा आला त्याच्या चार वर्षं आधीपर्यंत, 1963 ते 1975, मुख्यमंत्रिपद पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांकडे होतं. माणूस आमचा होता, खुर्चीही आमची होती. अंतर मात्र तेवढंच राहिलं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. खुर्चीवर कोण आहे याने अंतर बदलतं, असं आपण उगीच धरून चालतो.

मुंबईतली भिंत दाखवणारे सिनेमे पुष्कळ आहेत. महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ (2010) जयंत पवारांच्या ‘अधांतर’वर आधारलेला. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरण्यांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि एका चाळीतल्या घराची पडझड. रडवतो, मला जरा जास्तच आरडाओरड करतो असं वाटतं, पण खोटा नाही. माझी अडचण वेगळी आहे. त्या कथेची वेस परळला संपते. गिरणीत येणारी गाठ कुठून येते, हे त्या वेशीबाहेरचं. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटरचा नॅरोगेज रूळ, आमची ‘शकुंतला’, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका खासगी इंग्रजी कंपनीने कापूस वाहून न्यायलाच घातला. वेचणीला गेलेल्या बाईच्या बोटांना पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडाची टोकं लागतात. दिवसभर वेचून संध्याकाळी ओटी काट्यावर रिकामी करताना पांढऱ्या कापसावर कुठे कुठे लाल ठिपका असतो. तो कापूस जिनिंगमध्ये सरकीपासून सुटला, गाठीत दाबला गेला आणि मुंबईला पोचला की ठिपका दिसेनासा होतो. गिरणी बंद पडली तेव्हा एका टोकाला कामगार होता. दुसरं टोक या बाईच्या ओटीत होतं.

ते टोक दाखवलं सतीश मनवरांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने, 2009 मध्ये. शेजारचा कास्तकार जीव देतो, आणि किस्ना या कास्तकाराच्या बायकोच्या मनात धास्ती बसते की आपलाही नवरा हेच करणार. ती पोराला बापाच्या मागावर ठेवते. बाप शेतात गेला, पोर मागे. बाप झाडाखाली बसला, पोर मागे. हसू येतं आणि हसता हसता घशात अडकतं. या सिनेमात राजधानीचा कुणी खलनायक येत नाही, भाषणही नाही, आणि मला तेच त्याचं थोरपण वाटतं. राजधानी तिथे पावसासारखी आहे: येणार म्हणतात, येत नाही, आली तर भलत्या वेळी.

म्हणजे एका बाजूला राजधानीचे सिनेमे, दुसऱ्या बाजूला शेताचे. दोघांच्या मधली रेघ कुणी चित्रित करायची? माझ्या पाहण्यात हे काम नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’ने केलं, 2022 मध्ये, आणि तेही मुंबईत नाही, उपराजधानीत. (त्याआधी चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ने मुंबईच्या कोर्टात उभा केलेला शाहीर नागपूरच्या वीरा साथीदारांचा होता. आंबेडकरी चळवळीतला हा माणूस 2021 मध्ये कोरोनाने गेला.) ‘झुंड’मध्ये भिंत अगदी विटांची आहे. एका अंगाला झोपडपट्टी, दुसऱ्या अंगाला कॉलेजचं मैदान. पोरं पावसात प्लास्टिकच्या डब्याला लाथा मारत खेळतात आणि एका प्राध्यापकाला, म्हणजे अमिताभ बच्चनला, त्यात फुटबॉल दिसतो. मूळ गोष्ट विजय बारसे या खऱ्या प्राध्यापकाची.

पण माझं मन त्यातल्या एका बाजूच्या कथेत अडकलं. मोनिका ही गोंड मुलगी. खेळायला परदेशी जायचं म्हणून पासपोर्ट हवा, पासपोर्टसाठी ओळख हवी, आणि ओळखीचा कागद नाही. बापलेक एका दारातून दुसऱ्या दारात जातात. जो तो विचारतो, तुम्ही तुम्हीच कशावरून? नागपूर वसवलं ते बख्त बुलंद शहा या गोंड राजाने; त्याच शहराच्या सिनेमात गोंड माणूस स्वतःचा पुरावा मागत फिरतो. मंजुळे हे बोलून दाखवत नाहीत. माझ्या मागच्या रांगेतला एक म्हातारा मात्र बोलला, ‘आता तहसीलवाला येतो पाय.’ तो पाहत होता तो सिनेमा त्याने आधीच भोगलेला होता. केळापूर-झरीकडच्या कोलाम पोडांवर विचारा, ते पुढची रिळंही सांगतील.

‘झुंड’च्या शेवटी विमान उडतं, खाली वस्ती, आणि भिंतीवर इंग्रजीत पाटी: भिंत ओलांडण्यास सक्त मनाई आहे. थिएटरात शिट्ट्या अमिताभच्या पहिल्या दर्शनाला पडल्या होत्या. पाटीला कुणी शिट्टी मारली नाही.

तरी एक भिंत अजून पडद्यावर आलेली मी पाहिली नाही. ती दरवर्षी हिवाळी अधिवेशनात नागपूरला उभी राहते. यशवंत स्टेडियमहून मोर्चे निघतात, विधानभवनाकडे जातात आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडतात. रस्त्यात बल्ल्या उभ्या केलेल्या, त्यांना आडव्या बल्ल्या, मागे पोलीस. अंगणवाडीच्या बाया, कंत्राटी मास्तर, धरणग्रस्त, सगळे तिथवर. आतून कुणी मंत्री आला तर निवेदन घेतो. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच अडला होता. आदिवासी म्हणून मान्यता मागायला आलेली गुराखी माणसं, त्यांत बाया आणि लेकरं पुष्कळ. लाठीमार झाला, पळापळ झाली, चेंगराचेंगरीत 114 जीव गेले. बर्लिनच्या भिंतीने अठ्ठावीस वर्षांत जितके बळी घेतले त्या आकड्याच्या जवळ आपली ही लाकडाची भिंत एका संध्याकाळी पोचली. बर्लिनवर किती सिनेमे निघाले! गोवारींचं एक स्मारक आहे, त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. पुलावरून गाड्या जातात.

मागे एका डिसेंबरात मी मुद्दाम अधिवेशनाच्या दोन दिवस आधी टी-पॉइंटवर गेलो. बल्ल्या ट्रकमधून उतरत होत्या. एक माणूस सबलीने रस्त्याच्या कडेला खड्डा घेत होता, दुसरा दोर भिजवत होता. ओला दोर वाळला की घट्ट बसतो, म्हणाला. बोलण्यावरून आमच्याकडचा वाटला. गाव विचारलं तर दारव्हा. यंदा बोंडअळीने पऱ्हाटी गेली, म्हणून ठेकेदाराबरोबर आला होता. रोजी रोखीने मिळते. पुढच्या आठवड्यात याच रस्त्यावर कापसाच्या भावासाठी मोर्चा यायचा होता. ते त्याला माहीत होतं.

मी तिथेच रेंगाळलेला पाहून त्याने विचारलं, ‘तुमी मोर्च्यात आले का?’

‘नाही, पाहाले आलो.’

‘मंग तिकून जा ना भाऊ,’ तो दोराची गाठ आवळत म्हणाला, ‘इकून बंद हाये आता.’