झाडांची नावे

ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याच्यावर आपण प्रेम करू शकतो का? हा प्रश्न वरवर पाहता शब्दच्छल वाटेल. ‘निसर्गावर माझे फार प्रेम आहे’ असे सांगणारी माणसे आपल्याला नित्य भेटतात. त्यांतील एखाद्याला घरासमोरच्या झाडाचे नाव विचारावे, तर तो हसून म्हणतो, “आहे कसलेतरी जंगली झाड.” या ‘कसलेतरी’पाशी माझा विचार अडखळतो. शेजाऱ्याविषयी कोणी असे बोलू लागला, तर त्याच्या शेजारप्रेमावर आपण कितपत विश्वास ठेवू?

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसमवेत कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जाण्याचा योग आला. १९८६ साली येथे सर्पोद्यान सुरू झाले आणि १९९९ साली महापालिकेचे प्राणिसंग्रहालय. पेशवे पार्कातील प्राणी पुढे येथे आणण्यात आले. १३० एकरांचा हा परिसर आहे आणि त्यांपैकी ४२ एकर तर तलावच आहे. वस्तुतः हे वनस्पती उद्यान नव्हे. लोक येतात ते वाघ पाहायला. तथापि एका खंदकापासून दुसऱ्यापर्यंत माणूस दिवसभर चालतो तो झाडांच्याच सावलीतून. वाघापुढचा फलक मुले मोठ्याने वाचत होती. ज्या झाडाखाली उभे राहून ती वाचत होती, त्या झाडाकडे मात्र एकाचीही मान वळली नाही.

मान वळली ती एका आजींची. त्या मूळच्या हरेगावकडच्या. शाळेची पायरी त्या चढलेल्या नाहीत. वाघासमोर त्या फारशा रमल्या नाहीत. पिवळ्या फुलांनी भरलेल्या एका काटेरी झाडाजवळ थांबून म्हणाल्या, “फादर, हा हिवर. दुष्काळात आमची शेरडं याच्याच शेंगांवर जगली.” पुढे भोकर दिसले. “याच्या कोवळ्या फळांचं लोणचं घालतात. पिकली की चिकट होतात. पोरं त्यानं कागद चिकटवायची.” हा हा म्हणता त्यांनी सात झाडे ओळखली, आणि प्रत्येक नावाला त्यांच्या आयुष्यातील एखादे वर्ष चिकटलेले होते. १९७२चा दुष्काळ मी अनेकदा पुस्तकांतून वाचला आहे. तो शेरडांच्या बाजूने ऐकला तो येथेच.

सेमिनरीत आम्हाला शिकवीत की, प्रेमाच्या आधी ज्ञान हवे. संत ऑगस्टीन यांनी हा विचार फार खोलवर नेला आहे. जे मुळीच ठाऊक नाही त्याची ओढ लागणार कशी, हा त्यांचा प्रश्न. आणि ओढच नसेल तर माणूस जाणून घ्यायला निघेल कशाला, हा त्याचाच उलटा प्रश्न. मला वाटते, उत्तर ओळखीच्या पहिल्या पायरीवर आहे. नाव विचारणे म्हणजे अर्धवट ज्ञान आणि अर्धवट प्रेम, दोन्ही एकदमच. उत्पत्तीच्या कथेत परमेश्वर पशुपक्ष्यांना आदामापुढे आणतो आणि आदाम त्यांना नावे देतो. झाडांच्या बाबतीत मात्र तेथे असा उल्लेख नाही. डोळ्यांना सुखद आणि खाण्यास योग्य अशी झाडे उगवली, एवढेच सांगितले आहे. जणू ते काम राहूनच गेले!

अर्थात, नाव देणे हे नेहमीच निरागस कृत्य असते असे नाही. जुन्नरच्या परिसरात, शिवनेरीच्या कड्यांवर एक मांसल पानांची दुर्मीळ वनस्पती उगवते. तिला शिंदळमाकुडी म्हणत. अलीकडे तिला शिवसुमन हे गोड नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची नोंद करताना तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. कड्यावर शेरडे चारणाऱ्याला जे फूल ठाऊक होते, ते असे एका साहेबाच्या नावाने जगापुढे आले.

याहून मनाला लागणारी गोष्ट दापोडीची आहे. तेथे १८२८ साली सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले होते. त्याचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात तेथील वनस्पतींची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रातील प्रत्येक रोपाला शास्त्रीय नाव आहे, चित्रकार मात्र अनाम आहे. तो पोर्तुगीज-भारतीय होता, एवढीच नोंद. म्हणजे बहुधा आपल्यातलाच कोणी! पानाची शीर न् शीर ज्याने प्रेमाने पाहिली, त्याचे नाव लिहून ठेवावेसे कोणालाच वाटले नाही.

तेव्हा कोणी म्हणेल, नावांचा हा सोस कशाला? झाडे लावावीत म्हणजे झाले. हाच विचार पुण्याच्या टेकड्यांवर उभा आहे. हेतू उत्तम होता: उजाड टेकड्या हिरव्या व्हाव्यात. म्हणून गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे. फांदी रोवली तरी जगते, गुरे तोंड लावीत नाहीत. टेकड्या हिरव्या झाल्या. परंतु ज्याला आपण ‘उजाड’ म्हणत होतो, ते वस्तुतः गवताळ रान होते. पावसाळ्यात त्यात इवल्या रानफुलांचे ताटवे येत, चंडोल जमिनीवर घरटी करीत. दाट गिरिपुष्पाखाली हा संसार मोडला. नावे ठाऊक नव्हती, म्हणून तेथे काहीच नाही असे आपण धरून चाललो. नीतिशास्त्राने हेतूला फार मोठे स्थान दिले आहे, ते योग्यच आहे; परंतु जाणून घेण्याची संधी असताना जाणून न घेणे, ही त्रुटी चांगल्या हेतूने भरून निघत नाही.

या संदर्भात येशूसंघीय फादर संतापाव यांची आठवण येते. १९०३ साली स्पेनमध्ये जन्मलेला हा धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवीत असे. खंडाळ्याच्या घाटातील वनस्पतींवर त्यांनी १९५३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परक्या देशातून आलेला माणूस आपल्या घाटातील गवताचे नाव जाणतो आणि त्याच घाटातून दर रविवारी मोटारीने जाणारे आपण जाणत नाही, यात परका कोण, हे ठरवणे अवघड आहे.

येत्या पावसाळ्यात आमच्या चर्चच्या आवारात २५ झाडे लावण्याचे ठरत आहे. गुलमोहर लावा, लवकर वाढतो, शोभाही देतो, असे बहुतेकांचे म्हणणे. तोही मादागास्करहून आलेला पाहुणा. त्याचा मला राग नाही, पण त्याला सर्वत्र जागा आहे. आजींनी हिवर आणि भोकर सुचवले आहे. हिवराला काटे आणि भोकराच्या पिकल्या फळांनी फरशी चिकट होईल, असा आक्षेप बैठकीत निघाला. लहान मुले धावतात तेथे काटे नकोत, हे मला पटते. फरशीचे मात्र बैठकीतल्या कोणालाच झाडायचे नाही. ती रोज जे झाडतात त्यांना येत्या रविवारी मिस्सानंतर विचारणार आहोत.