टाळ्या कशाला वाजवल्या?

परवाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात तुमच्यातला एक जण माइक हातात घेऊन म्हणाला, की रेशनचं धान्य फुकट झाल्यापासून गरीब माणूस माजलाय, कामाला हात लावत नाही, आणि आपल्या कराच्या पैशावर बसून खातोय. तो बोलला त्याचं मला एवढं वाटलं नाही. पण तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. बाहेरगावचे पाहुणे होते, सत्काराचा कार्यक्रम होता, म्हणून तिथे तोंड उघडलं नाही. आता उघडते. नीट ऐकून घ्या आणि मध्ये बोलू नका.

गणित तुम्हाला मी शिकवलं, तेव्हा गणितापासूनच सुरुवात करते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. भागा तीसने. दिवसाला १६६ ग्रॅम. त्याचे उष्मांक होतात पावणेसहाशेच्या आसपास. खेड्यात राबणाऱ्या माणसाला दिवसाला २४०० उष्मांक लागतात, हे आपल्याच नियोजन आयोगाने धरलेलं माप होतं. म्हणजे गरजेचा चौथा हिस्सासुद्धा नाही. पाच जणांचं घर धरा. २५ किलो. बाजारात किलोला ४० रुपये लावले तरी महिन्याचे १००० रुपये, दिवसाचे ३३. त्यात तेल नाही, डाळ नाही, मीठ-मिरची नाही, गॅस नाही, पोराची वही नाही, म्हातारीची रक्तदाबाची गोळी नाही. या ३३ रुपयांवर पाच माणसं घरात बसून खातात असं म्हणणाऱ्याने एकदा तरी हा भागाकार केला होता का? आणि टाळी वाजवणाऱ्याने?

‘फुकट झाल्यापासून’ म्हणालात ना, त्याचाही हिशेब घ्या. त्याआधी तांदूळ तीन रुपये किलो होता, गहू दोन रुपये. पाच जणांच्या घराला महिन्याचे जास्तीत जास्त पाऊणशे रुपये मोजावे लागत. जानेवारी २०२३ पासून ते लागेनासे झाले. महिन्याला पाऊणशे रुपये वाचले म्हणून एक अख्खं घर काम सोडून बसेल, असं तुम्हाला खरंच वाटतं? आणि कोरोनात, एप्रिल २०२० पासून, माणशी वरचे पाच किलो मोफत मिळत होते, ते डिसेंबर २०२२ ला बंद झाले. दोन्ही धान्यं मिळून दहा किलो नेणारा माणूस पाचवर आला. ज्या महिन्यात धान्य ‘फुकट’ झालं, त्याच महिन्यात ते निम्मं झालं. ही गोष्ट तुमच्यापैकी एकालाही माहीत नव्हती. माहिती नसणं हा गुन्हा नाही. माहिती न घेता माइक हातात घेणं आणि गरिबाची अब्रू काढणं, हा आहे.

आता मजुरांचं. शेतावर माणूस मिळत नाही ही तुमची तक्रार मी समजून घेते, कारण कांदा काढणीला आला की काय धावपळ होते ते मी जन्मभर पाहिलंय. पण कारण रेशन नाही. पोरं पुण्याला बांधकामावर गेली, एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागली, कुणी टेम्पोवर आहे. जिथे दोन पैसे जास्त मिळतात तिथे माणूस जातो, तुम्हीही तसेच गेलात. राहिलेल्या बायका आता बांधावर उभ्या राहून मजुरी आधी ठरवून घेतात, पटली नाही तर दुसऱ्याच्या वावरात जातात. तुम्हाला खुपतंय ते हे आहे. घरात महिन्याचे चार दाणे असले की माणसाला ‘नाही’ म्हणता येतं. पूर्वी तो ‘नाही’ म्हणू शकत नव्हता, पायली-दोन पायली ज्वारीवर दिवसभर राबायचा, आणि वर उपकारही मानायचा. ते दिवस परत यावेत अशी इच्छा असेल तर तसं स्पष्ट म्हणा, म्हणजे मला कळेल की मी कुणाला शिकवलं. आळस-बिळस अशी नावं त्याला देऊ नका.

आणि खाल्लेलं विसरू नका. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची शाळेतल्या पोषणाची योजना सुरू झाली, तेव्हा तुमच्यातले निम्मे पहिली-दुसरीत होते. शिजवलेलं अन्न नव्हतं त्या वेळी. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की तीन किलो तांदूळ घरी. कपड्याच्या पिशव्या घेऊन व्हरांड्यात रांगेने बसायचात, तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत डोळे त्याच्यावर. यादी माझ्या अक्षरातली आहे, कुणाचं नाव तीत आहे ते मला सांगायला लावू नका. सांगणारही नाही, कारण त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. तुमच्या आईबापांनी तीन किलो तांदूळ मिळतो म्हणून काम सोडलं होतं का? तुमच्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, अमेरिकेचा मिलो खाल्ला, सुकडीसाठी ओळीत उभे राहिले. ते आळशी होते? उभ्या गावाला ठाऊक आहे की नव्हते. मग आज जो त्याच ओळीत उभा आहे, तो अचानक माजलेला कसा ठरला?

शिजवलेलं अन्न आलं ते कुणाच्या दयेने आलं नाही. राजस्थानात लोक उपाशी आणि सरकारी गोदामं भरलेली, म्हणून २००१ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने सांगितलं, प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत मुलांना गरम, शिजवलेलं जेवण द्या. तमिळनाडू तर हे कामराज मुख्यमंत्री असल्यापासून, पन्नाशीच्या दशकापासून, करत होता. आपल्याकडे खिचडी सुरू झाली तेव्हा मास्तर मंडळींनीही नाकं मुरडली होती, शाळेची खानावळ झाली म्हणून. त्यांना जे मी सांगितलं तेच तुम्हाला सांगते.

खिचडीच्या आधी मधल्या सुट्टीनंतर माझा वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. पोरं घरी जायची, घरी काही नसायचं, मग कुणी बकऱ्यांमागे तर कुणी लहान भावंडाला सांभाळायला. उन्हाळ्यात परिपाठाला उभी असताना एखादी मुलगी चक्कर येऊन पडायची. तिला सावलीत नेऊन विचारायचं, ‘काय खाल्लंस सकाळी?’ ती म्हणायची, ‘चहा.’ रात्री काय खाल्लं ते मी नंतर विचारणंच सोडलं. खिचडी आल्यावर दुपारचा वर्ग भरायला लागला. सगळ्यात जास्त अन्न कधी लागायचं माहीत आहे? सोमवारी. स्वयंपाकाच्या मावशी सोमवारी पातेल्यात माप वाढवून टाकायच्या, कुणी सांगावं लागायचं नाही त्यांना. रविवारी शाळा बंद असते. पहिल्या वाढपात पोरं मान वर करायची नाहीत, दुसऱ्या वाढपाला गप्पा सुरू व्हायच्या. आणि सगळी एका ओळीत, एका सतरंजीवर, कुणाची ताटली कुणाच्या ताटलीला लागतेय याचा विचार न करता. ज्या गावात पाणवठे वेगळे होते, त्या गावात हे घडत होतं. ही फुकटेगिरी वाटते तुम्हाला?

हे एका बाईच्या आठवणीपुरतं आहे असंही समजू नका. २०२१ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक अभ्यास छापून आलाय. ज्या मुलींना शाळेत जेवण मिळालं, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांची वयानुसार उंची चांगली निघाली, खुजेपणा कमी निघाला. म्हणजे आपण वाढलेला भात पुढच्या पिढीच्या हाडांत उतरतो. कुठल्या गुंतवणुकीचा परतावा याहून मोठा आहे, ते तुमच्यातल्या म्युच्युअल फंडवाल्यांनी मला सांगावं.

मेळाव्याच्या सुरुवातीला फुल्यांच्या तसबिरीला हार घातलात. १८७७ च्या दुष्काळात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढला आणि दुष्काळाने होरपळलेल्या मुलांना जेवू घातलं. पोराच्या पोटात घास घालण्याआधी त्याच्या बापाची लायकी तपासावी, ही त्या घराची रीत नव्हती. हार घालायचा तर एवढं तरी माहीत असू द्या.

चोरीचं म्हणाल. होते, मी नाकारत नाही. ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांनी सरकारी पाहणीच्या आकड्यांवरून काढलेला हिशेब आहे: २००४-०५ मध्ये रेशनचं निम्म्याहून जास्त धान्य वाटेतच गायब होत होतं. २०११-१२ पर्यंत ते प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास आलं. तरीही भयंकरच. पण छत्तीसगडने काय केलं ते बघा. खासगी दुकानदारांकडून दुकानं काढून ग्रामपंचायती आणि बचत गटांकडे दिली, धान्य थेट दुकानापर्यंत सरकारी गाडीने पोचवलं, आणि तिथली गळती झपाट्याने खाली आली. म्हणजे चोरी थांबवता येते. मग तुम्ही काय केलंत? गावात दक्षता समिती कागदावर आहे, तिची बैठक कधी झाली ते कुणी विचारलंत? दुकानाच्या फलकावर या महिन्याचा कोटा लिहिलाय का, यंत्रातून निघालेली पावती गिऱ्हाइकाच्या हातात पडते का, हे पाहायला कुणी गेलंत? पांढरपेशा माणूस दुकानात जात नाही, म्हणून दुकानदाराला धाक नाही. चोरी कट्टे उतरवणारा करतो आणि तुम्ही शिक्षा पिशवी घेऊन आलेल्या म्हातारीला सुनावता.

आणि ज्यांच्या दारात चारचाकी आहे आणि नाव अजून धान्याच्या यादीत आहे, त्यांच्याबद्दल बोलताना तर आवाज जपून. त्यांतली दोन-तीन घरं तुमचीच आहेत. तहसील कार्यालयात जा, अर्ज द्या, धान्य नको म्हणून सांगा. या राज्यात कायदा लागू करताना उत्पन्नाची मर्यादा खेड्यात वर्षाला ४४,००० आणि शहरात ५९,००० ठरवली होती. तुमचा गाडीचा हप्ता काढून बघा.

उलट खरे गरीब बाहेर राहतात, त्याबद्दल मात्र कुणाला राग येत नाही. खडी फोडून, भांडी घासून बोटांच्या रेषा गेलेल्या बाईचा अंगठा यंत्रावर लागत नाही. ती तीन वेळा हात धुऊन, बोट पुसून पुन्हा लावते, मागची रांग ओरडते, आणि दुकानदार म्हणतो, ‘उद्या या, रेंज नाही.’ उद्याची मजुरी बुडते. केवायसी झाली नाही म्हणून नाव अडतं. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या कुटुंबाला कारखान्याच्या गावातल्या दुकानातून धान्य उचलता येतं, तसा नियम आहे. पण फडातल्या खोपीत जाऊन हे त्यांना सांगणारं कोण? तुमच्यातले तिघे त्याच पट्ट्यात नोकरीला आहेत.

योजनेवर टीका करायचीच तर माझ्याकडून घ्या, भरपूर आहे. नुसता तांदूळ-गहू देऊन पोषण होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी निघाली, आणि उंचीच्या मानाने वजन कमी असलेली २५.६ टक्के. देशाची सरासरी १९.३. आपण स्वतःला पुढारलेलं राज्य म्हणवतो. या पोरांना डाळ हवी, तेल हवं, अंडं हवं, ज्वारी-बाजरी खाणाऱ्या भागात ज्वारी-बाजरी हवी. ती मिळत नाही म्हणून काही घरं रेशनचा तांदूळ विकतात आणि त्या पैशाचं तेल आणतात. तुम्ही तेवढा तांदूळ विकलेला पाहता. २०२३ च्या शेवटी राज्याने शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू केलं होतं. २०२५ च्या सुरुवातीला त्याचा निधी थांबवला, आणि द्यायचं तर लोकसहभागातून द्या म्हणून शाळांना सांगितलं. एका अंड्याला सरकारकडे पैसे नाहीत, यावर मेळाव्यात कुणी चकार शब्द काढला नाही. टाळ्या मात्र त्या म्हातारीच्या पाच किलोंवर.

तुम्ही वर्गणी काढून शाळेला प्रवेशद्वाराची कमान बांधणार आहात, वर बॅचचं नाव. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, मी नको म्हणून सांगितलंय. शाळेत आज १२० मुलं आहेत. अंड्याला सात रुपये धरले तर आठवड्याचे ८४०, शाळेचे ३५ आठवडे धरले तर वर्षाचे २९,४००. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळी. कमानीच्या पैशात अंड्यांची काही वर्षं निघतात. पैसे व्यवस्थापन समितीच्या खात्यात भरा, नाव कुठेही लागणार नाही. आणि सोबत शिक्षणाधिकाऱ्यांना एक अर्ज करा, सगळ्यांच्या सह्यांनिशी, की हा खर्च सरकारचा आहे, तो पुन्हा सुरू करावा. तुमच्या वर्गणीने सरकारची सुटका होता कामा नये. अर्जाचा मसुदा रविवारपर्यंत माझ्याकडे पाठवा. शुद्धलेखन तपासून देते.