लिंबाखाली

या, बसा.

चैत्रातली सकाळ आहे. गेवराई तालुक्यातलं तलवाडा, त्वरितादेवीचं गाव. उत्तरेला कुठेतरी गोदावरी वाहते आहे. वाहू द्या तिला.

आपण लिंबाखाली बसू.

आमच्याकडे लिंब म्हणजे कडुलिंब. सरबताचं ते लिंबू.

तळहात मातीला टेकवा. रात्रीचा गारवा अजून तिच्यात आहे.

श्वास घ्या. सावकाश.

मोहोराचा वास येतो आहे. पाडव्याला गुळाबरोबर चावलेला तो पाला इतका कडू, आणि त्याच फांदीवर हा मधासारखा वास. मला दर चैत्रात त्याचं नव्याने नवल वाटतं.

वर पाहा. कोवळी पालवी तांबूस आहे. एकच पान निवडा. त्याच्या कडा करवतीसारख्या. मधली शीर एका बाजूला थोडी सरकलेली. पान जरासं वाकडंच असतं.

त्या पानापाशी राहा.

होला घुमतो आहे. थांबतो. पुन्हा घुमतो.

आता ओठांतल्या ओठांत एक नाव म्हणा. लिंबागणेश.

बीडजवळचं गाव. भालचंद्र गणपतीचं ठाणं. पण नावात देवाच्याही आधी लिंब ऐकू येतो.

पुन्हा म्हणा. आणि ऐका.

पिंपळनेर. वडगाव. बोरगाव. चिंचोली. बाभूळगाव. पळसगाव.

एका श्वासाला एकच नाव. घाई नको.

पिंपळगाव म्हटलं की आपल्याकडे लगेच विचारतात, कुठलं पिंपळगाव? इतकी आहेत ती. कधीतरी कुणी उन्हातून चालत आलं असेल. सावली दिसली असेल. डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवलं असेल. मागून येणाऱ्यांना खूण सांगितली असेल, त्या पिंपळापाशी या.

ते ओझं उतरलेलं डोकं आठवा. मानेतला तो हलकेपणा. तुमचीही मान सैल सोडा.

नजर पानावरच असू द्या. मन थोडं दूर गेलं तरी चालेल.

समुद्रापलीकडे मलेशियात मलाक्का आहे. 1400च्या सुमाराची कथा सांगतात. परमेश्वर नावाचा राजपुत्र एका झाडाला टेकून विसावला. झाडाचं नाव त्याने विचारलं, आणि तेच त्या जागेला दिलं. झाड आवळ्याचं. आपला आमलक.

तिथून वर पिनांग, सुपारीचं बेट.

एक श्वास. तोंडात आवळ्याची तुरट चव येऊ द्या, मागून येणारी गोडीही.

आणि ब्राझील. तांबडा रंग देणाऱ्या एका लाकडाचं नाव, अख्ख्या देशाला लागलेलं. आपल्याकडच्या पतंगाच्या झाडाचा तो भाऊबंद. 1500 साली पोर्तुगीज त्या किनाऱ्याला लागले, आणि पुढे ते लाकूड जहाजं भरभरून गेलं. आज ते झाड तिथल्या रानात विरळ झालं आहे. नाव मात्र कोट्यवधी ओठांवर आहे.

इथे थांबा. मला इथे दुखतं. तुम्हालाही कदाचित दुखेल. दुखू द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

तुमच्या गावाच्या नावात झाड आहे का? आईच्या गावाच्या? आजीच्या? नसलं, तर वाटेवरचं एखादं आठवा. एसटीच्या खिडकीतून रोज दिसणारं. कदाचित आता नसलेलं.

त्याला त्याच्या नावाने हाक मारा. आवाज करू नका.

ऐका.

होला गप्प झाला आहे. वारं फांदीत शिरतं. पांढरी, बारीक फुलं गळतात. एक तुमच्या मनगटावर पडतं. वजन जाणवतही नाही.

झटकू नका. असू द्या तिथेच.

पुन्हा एकदा, अगदी हळू, म्हणा. लिंब.

ओठ मिटतात.